गेटवर घ्यायला कोण येतं?

मागच्या अंकात दुसऱ्याच एका प्रश्नाचं उत्तर देताना मी जाताजाता लिहून गेले होते की जेलमधून सुटलेली माणसं परत आत जाऊ नयेत म्हणून सरकारने हात जरा सैल सोडून खर्च करायला पाहिजे. दोनच ओळी होत्या, त्यात शिलाई मशीन वाटण्यावर एक टोमणाही होता. त्यावर इतकी पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले, ताई, या वेळचा अख्खा कॉलम यालाच देऊन टाका. निम्म्या लोकांनी मला झापलंय, तेही घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी सव्वीस वर्षं जेलमध्ये आणि जेलच्या बाहेर समाजसेविका म्हणून काम केलं, आता रिटायर आहे, त्यामुळे साहेब रागावतील ही भीती राहिलेली नाही.

प्रश्न : ताई, राग मानू नका पण तुमचं वाचून डोकं फिरलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र बाइकवरच्या दोघांनी ओढलं, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनला पावणेतीन लाख गेले. आम्हाला कोणी एक रुपया दिला नाही. पकडला गेलेला मुलगा आधी तीन वेळा आत जाऊन आलेला होता. आणि आता माझ्या टॅक्समधून त्याला शिलाई मशीन द्यायचं का? – एक वाचक, पुणे

राग कशाला मानू, तुमच्या जागी मी असते तर याहून वाईट भाषेत लिहिलं असतं.

आधी आईंचं बोलू. गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायची तरतूद कायद्यात आहे, पूर्वी सीआरपीसीत (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ३५७-अ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ३९६ कलम आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा असतो, ते ऑफिस बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं आणि अर्जाला वकील लागत नाही. एफआयआरची कॉपी, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि चालताना कायमचा त्रास राहिला असेल तर अपंगत्वाचं सर्टिफिकेट जोडा. मिळेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण अर्जच केला नाही तर नक्की मिळणार नाही. हे तुम्हाला पोलीस ठाण्यात कोणी सांगितलं नसणार, माझ्या माहितीत शंभरातल्या नव्वदांना कोणी सांगत नाही.

आता त्या मुलाचं. तुम्ही लिहिलंय "आधी तीन वेळा आत जाऊन आलेला". अहो, माझं म्हणणं या एका वाक्यात आलं की. त्या मुलावर सरकारने तीन वेळा खर्च केलाच आहे, तपासाचे पोलीस, कोर्ट, सरकारी वकील, तारखेला नेणारी गाडी आणि एस्कॉर्ट, आतलं जेवण, डॉक्टर, शिपाई. तुमच्याच टॅक्समधून. आणि तिन्ही वेळा संध्याकाळी त्याला गेटबाहेर सोडून दार लावून घेतलं. चौथ्या वेळेचं बिल तुमच्या आईंच्या नावाने फाटलं. मी त्याच्यासाठी पैसे मागत नाहीये, चौथी वेळ येऊ नये म्हणून मागतेय, आणि दोन्हींत फरक आहे असं मला मनापासून वाटतं.

शिलाई मशीनबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूची आहे, ते खाली येईलच.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जेलच्या बजेटमधला पैसा नक्की जातो कुठे? सुधारणेवर खर्च होतो असं सगळीकडे वाचतो, येरवड्याचं फर्निचर, पैठणी, पेट्रोल पंप वगैरे. मग अडतंय कुठे? – नाशिक

पगार आणि जेवण, बहुतेक सगळा तिकडे जातो. त्यात वावगं काही नाही, माणसं कोंडून ठेवायची तर त्यांना खायला घालावं लागणार आणि पहारा ठेवावा लागणार. शिक्षण, ट्रेनिंग, कल्याण यांच्या वाट्याला भाजीत मिठाएवढं येतं. पण मला विचाराल तर पैसा कमी आहे यापेक्षा तो चुकीच्या माणसावर आणि चुकीच्या दिवशी खर्च होतो हे जास्त मोठं दुखणं आहे.

चुकीचा माणूस कसा ते बघा. एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा, २०२२ चा आकडा आहे, देशभरातल्या जेलांत मिळून ५,७३,२२० माणसं आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या केसचा निकालच लागलेला नाही असे. चारातले तीन. क्षमतेच्या मानाने गर्दी १३१ टक्के. आता तुम्ही म्हणता ते कारखाने, सुतारकाम, हातमाग, पेट्रोल पंप हे सगळं चांगलंच आहे, येरवड्याच्या पंपावर मी स्वतः स्कूटरमध्ये पेट्रोल भरलंय आणि तिथल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी ऐट असते ती बघण्यासारखी असते. पण ते पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी. आणि शिवाय बरेचसे लांब शिक्षेवाले, म्हणजे ज्यांनी आयुष्यात एकदाच रागाच्या भरात काहीतरी केलं आणि पुन्हा करायची शक्यता तशी कमीच. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली, ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याज, फेड आतल्या पगारातून, घरी मुलीची फी किंवा आईचं औषध यासाठी. मला फार आवडली ती, कारण घराशी दोरा तुटत नाही. पण तीही पक्क्यांसाठीच. जो पोरगा मोबाईल चोरीत साडेतीन महिने आत बसतो त्याला ना काम, ना पगार, ना शाळा. बराकीत पाय लांब करायला जागा नाही, दिवसभर गप्पा, आणि त्या गप्पांत त्याला जे शिक्षण मिळतं त्याचा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दाखवलेला नसतो. परत परत येतो तो हाच.

आणि चुकीचा दिवस म्हणजे सुटकेचा दिवस, त्या दिवशी खर्च शून्य.

हे जरा सविस्तर सांगते कारण बाहेरच्या माणसाला ते डोळ्यासमोर येत नाही. कोर्टाचा जामिनाचा कागद जेलला पोचतो, नावं तपासतात, झडती होते, अंगठा घेतात, आणि माणूस बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा दिवेलागण झालेली असते. अंगावर पकडला त्या दिवशीचे कपडे, म्हणजे मे महिन्यात पकडला असेल तर डिसेंबरच्या थंडीत हाफ टी शर्ट. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात टूथब्रश, कोर्टाचे दुमडलेले कागद आणि आतल्या कोणीतरी आपल्या घरी द्यायला दिलेली चिठ्ठी. मोबाईल मुद्देमालात जमा. आजकाल कोणाला कोणाचे नंबर पाठ नसतात, बायकोचासुद्धा नाही, त्यामुळे फोन करायला पानवाल्याने मोबाईल दिला तरी लावणार कोणाला. तो दोन मिनिटं नुसता उभा राहतो. इकडे बघतो, तिकडे बघतो. मी गेटसमोर चहाच्या टपरीवर उभी राहून हे इतक्या वेळा बघितलंय की माणूस दिसल्यावर मी ओळखायचे, याला कोणी घ्यायला येणार आहे की नाही.

आणि मग बाइक येते. कारण घरच्यांना सुटकेचं कळलेलं नसतं, पण आत ओळख झालेल्या आणि आधी सुटलेल्या दोस्ताला बरोबर कळलेलं असतं. तो येतो, जॅकेट देतो, सिगरेट देतो, "चल बस, आधी जेवू" म्हणतो. सरकारकडून कोणीच आलेलं नसतं पण गुन्हेगारीच्या धंद्यातून माणूस आलेला असतो, तोही वेळेवर. मला या गोष्टीचा राग येतो. चीड येते. २०१६ चं केंद्राचं मॉडेल प्रिझन मॅन्युअल म्हणतं दर २०० बंद्यांमागे एक सुधार अधिकारी हवा आणि ५०० मागे एक मानसशास्त्रज्ञ. मी ज्या जेलला जायचे तिथे एक पद भरलेलं आणि बाकीची पदं रिकामी, आणि जे भरलेलं त्या बिचाऱ्याला कारकुनी लावलेली.

परीक्षेत लिहायला एक योजना सांगते, २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजना आहे, वर्षाला २० कोटी. सुरुवातीला ठरलं ते असं, जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून अडकलेल्या कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्याला २५ हजारांपर्यंत, जिल्हाधिकाऱ्यांच्या कमिटीमार्फत. कल्पना उत्तम आहे. पण मला भेटलेल्या बऱ्याच जणांची अडचण पैशाची नसते, जामीनदाराची असते. सातबारा किंवा पगारपत्रक घेऊन कोर्टात उभा राहणारा माणूस पाहिजे, आणि तो कमिटी कुठून आणणार?

प्रश्न : शिलाई मशीनची चेष्टा करता पण आम्ही आमच्या क्लबतर्फे दोन वर्षांत अकरा सुटलेल्या महिलांना मशीन दिली आहेत. हे चूक आहे का? – एक कार्यकर्त्या, कोल्हापूर

चूक नाही हो, चेष्टा मी स्वतःचीच करते, कारण माझ्या हातून पस्तीसेक मशीन वाटली गेली असतील. हार, नारळ, फोटो, पेपरात बातमी. एकीच्या घरी चार महिन्यांनी गेले तर मशीनवर कपड्यांचा ढीग आणि ढिगावर मांजर झोपलेलं. ती म्हणाली, मॅडम, मला शिवता येतं पण गल्लीत माझ्याकडे कापड कोण देणार? ब्लाऊजचं माप द्यायला बाई घरात यायला पाहिजे ना. दुसरीच्या घरी मशीनच नव्हतं, विकलं होतं, खोलीचं डिपॉझिट भरायला. तेव्हा मी रागावले, आता वाटतं तिने माझ्यापेक्षा शहाणपणा केला. तिला खोली पाहिजे होती आणि आम्ही मशीन दिलं.

सरकारी काय किंवा देणगीचा काय, पैसा वस्तूवर पटकन सुटतो कारण वस्तूचं बिल असतं, जीएसटी नंबर असतो, ऑडिटला दाखवता येते. एखादी मुलगी महिन्याला पगार घेऊन सुटलेल्या वीस जणांच्या घरी सहा महिने चकरा मारते, एकाला रेशनकार्डात नाव घालून देते, एकीच्या सासूशी भांडते, एकाला तारखेच्या दिवशी सकाळी सहाला फोन करून उठवते, तिचा पगार ऑडिटवाल्याला दिसतो "प्रशासकीय खर्च" म्हणून, आणि त्यावर लाल शेरा. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'प्रयास' प्रकल्प मुंबईत १९९० पासून हेच काम करतोय, आर्थर रोड जेलपासून सुरुवात झाली, आणि त्यांचा भर पहिल्यापासून प्रशिक्षित माणसं उभी करण्यावर आहे. तुमच्या क्लबला जमलं तर पुढच्या वर्षी अकरा मशीनच्या पैशात एक समाजकार्य शिकलेली मुलगी नेमा. उद्घाटनाला फोटो चांगला येणार नाही, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : मी बावीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे, पीटरबरोहून जवळच राहतो. इथल्या जेलमध्ये कैदी परत आले नाहीत तरच गुंतवणूकदारांना पैसे, असा काहीतरी प्रयोग झाला होता. तो आपल्याकडे का करत नाहीत? सरकारला जोखीमच नाही!

प्रयोग खरा आहे आणि मला आवडतो, फक्त शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात. २०१० मध्ये पीटरबरोच्या जेलमधून सुटणाऱ्या, बारा महिन्यांच्या आतली शिक्षा झालेल्या पुरुषांसाठी काम सुरू झालं. हेच लोक का, तर तेव्हा तिथल्या कायद्यात इतक्या छोट्या शिक्षेवाल्यांवर सुटल्यावर कोणाची देखरेखच नसायची आणि परत येण्यात तेच पुढे. आपल्या कच्च्या कैद्यांसारखंच, कोणाच्याच खात्यात नसलेले. १७ गुंतवणूकदारांनी, बहुतेक ट्रस्ट आणि फाउंडेशन, मिळून ५० लाख पौंड घातले. त्यातून गेटवर भेटणारी माणसं, राहायची सोय, नशेवर इलाज, नोकरीसाठी मदत, असं ज्याला जे लागेल ते. अट अशी की बाकी ठिकाणच्या तशाच कैद्यांशी तुलना करून पुन्हा होणारे गुन्हे किमान साडेसात टक्क्यांनी कमी झाले तर सरकार आणि लॉटरी फंड मुद्दल अधिक परतावा देणार, नाही झाले तर पैसे बुडाले. निकाल आला ९ टक्के घट. २०१७ मध्ये मुद्दल आणि वर्षाला साधारण ३ टक्के परतावा मिळाला.

९ टक्के हा आकडा ऐकून आपल्याकडे लोक म्हणतात, बस, एवढंच? मला तो आकडा प्रामाणिक वाटतो. "आमच्याकडचे नव्वद टक्के सुधारले" असं कोणी सांगितलं की मी समजून जाते, याने मोजलेलंच नाही.

पण पुढचं ऐका. प्रयोग चालू असतानाच तिथल्या सरकारने सगळी प्रोबेशनची, म्हणजे गुन्हेगारांवर जेलबाहेर देखरेख ठेवायची व्यवस्थाच उलटीपालटी केली, कमी आणि मध्यम धोक्याचे गुन्हेगार २१ खाजगी कंपन्यांच्या हवाली, त्यांनाही निकालावर पैसे. पीटरबरोचा प्रयोग त्यामुळे मध्येच गुंडाळला. आणि त्या कंपन्यांचं काय झालं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, लोकांना फोनवरून सांभाळायला लागले, आणि २०२१ च्या जूनमध्ये सगळं परत सरकारकडे. न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या जेलमध्ये २०१२ मध्ये असाच प्रयोग झाला, गोल्डमन सॅक्स या बँकेचे ९६ लाख डॉलर ठरले होते, सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी, २०१५ ला मोजलं तर काहीच फरक नाही, बंद. न्यूयॉर्क शहराचा पैसा वाचला हे खरं, पण मुलांची तीन वर्षं? जोखीम शून्य नसते, ती फक्त कागदावर दुसऱ्याच्या नावावर जाते.

आपल्याकडे तर त्याआधीच अडतं. हा प्रयोग करायला आधी मोजता यायला पाहिजे. एनसीआरबी दरवर्षी सांगते शिक्षा झालेल्यांत सराईत किती, पण अमुक वर्षी सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत किती परत आले हे त्यात नसतं. बरं, ज्याच्या पहिल्या केसचा निकाल सहा वर्षांनी लागणार त्याने "पुन्हा" गुन्हा केला हे कधी धरायचं? मोजायचे पैसे आधी द्या, मग असल्या प्रयोगाचं बघू. (जाताजाता, तुमच्याकडे सुटताना हातात देतात ते ४६ पौंड १९९५ पासून २०२१ पर्यंत तेवढेच होते, मग ७६ केले. म्हणजे कंजूषपणा फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.)

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे. एसटी स्टँडवर एका माणसाचा मोबाईल उचलला. जामीनदार मिळाला नाही म्हणून चार महिने आत होता. आता आलाय पण गप्प असतो, आणि आतले दोन मुलगे संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन शीळ घालतात. मी धुण्याभांड्याची कामं करते. सरकारची काही योजना आहे का ताई? – एक आई, सांगली जिल्हा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तारीख चुकवू देऊ नका. एक तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि काहीही नवीन न करता पोरगा परत आत. मी बघितलेल्या "परत आलेल्या" पोरांतले कितीतरी असे आलेले आहेत. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि कामावरची दांडी आधी सांगून ठेवा.

दुसरं, वकील फुकट मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. वकिलांना दोन गोष्टी विचारा. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, त्याचं ६ वं कलम सांगतं की गुन्हेगार २१ वर्षांच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर कोर्टाने शक्यतो तुरुंगात टाकू नये, टाकायचं असेल तर कारणं लिहून द्यावीत. तुमचा मुलगा २० चा आहे, म्हणून वेळ घालवू नका, वयाचा पुरावा आत्ताच काढून ठेवा. आणि त्याच कायद्याचं १२ वं कलम, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पुढे नोकरीच्या वेळी हे फार कामाला येतं आणि ते कित्येक वकिलांनाही आठवत नाही. नवीन भारतीय न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि वस्तू परत केली असेल तर समाजसेवेची शिक्षा आहे, पण हल्ली पाच हजारांचा मोबाईल कुठे असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

तिसरं, जिल्हा महिला व बालविकास ऑफिसात परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी असतात, त्यांना भेटा, मुलाला घेऊन. कोर्टाने रिपोर्ट मागितला तर तो तेच करतात. त्या खात्याकडे सुटलेल्या बंद्यांसाठी अनुदानाची योजना पण आहे, ती मुख्यतः शिक्षा भोगून आलेल्यांसाठी, तुमच्या मुलाला बसेल की नाही ते तिथे विचारा. त्यांच्याकडे काम फार आणि माणसं कमी, पहिल्या खेपेला साहेब भेटले नाहीत तर परत जा. सकाळी लवकर.

शीळ घालणाऱ्यांचं मी काय सांगू. मामाच्या गावी पाठवायचा विचार असेल तर आधी जामिनाच्या अटी वकिलांना वाचायला लावा, कधीकधी आठवड्याची हजेरी असते. आणि घरात बसवून ठेवू नका, काम कुठलंही असो, गॅरेज, मंडप, टेम्पोवर हमाली. रिकामी संध्याकाळ वाईट असते, सहा ते नऊ त्याला कुठेतरी अडकवा.

प्रश्न : काही जातींच्या रक्तातच चोरी असते हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच पैसे कशाला घालवायचे? – नाव न देण्याच्या अटीवर

नाव द्यायची लाज वाटली हे बरं झालं.

इंग्रजांनी १८७१ मध्ये नेमकं हेच धरून कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला जाऊन या, सेटलमेंट हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, तारेच्या कुंपणात माणसं, दिवसातून हजेऱ्या, आणि त्याच माणसांना गिरणीत राबायला पाठवायचे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. म्हणजे सरकारने ऐंशी वर्षं पैसा खर्चून शिक्का मारला, आणि तो पुसायला कितीसा खर्च केला ते कुठल्याही पारध्याच्या पालावर जाऊन विचारा, जिथे जातीचा दाखला नाही म्हणून योजना नाही आणि योजना नाही म्हणून शाळा नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने जेलमध्ये जातीवरून कामं वाटायला बंदी केली, म्हणजे तोवर झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरवणारे नियम काही राज्यांच्या मॅन्युअलमध्ये छापलेले होते. पुढचा प्रश्न.

प्रश्न : आमच्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसाहत आहे, तिचा तुम्ही उल्लेख करायला हवा होता. – निवृत्त शिक्षक

गुरुजी, चूक मान्य. १९३९ मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला इंजिनियर यांनी मिळून कैद्यांना उघड्या माळावर वसवलं, भिंत नाही, शेती करा, बायकापोरं आणा. पुढे त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा गाजलेला सिनेमा निघाला हे तुम्हाला सांगायला नको. एवढंसं संस्थान, तिजोरीत फार काही नसणार, आणि कदाचित म्हणूनच सुचलं असेल, कारण भिंत महाग असते. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून खुला कॅम्प आहे, तिथले कैदी सकाळी बाहेर कामाला जातात, स्वतःचं कमावून स्वतःचं आणि कुटुंबाचं पोट भरतात, सरकारला जेवणाचा खर्चच नाही.

टेक्सासमध्ये, म्हणजे अमेरिकेत १९७६ नंतर सगळ्यात जास्त मृत्युदंड देणारं राज्य, दयामाया वगैरे शब्द तिथे चालत नाहीत, २००७ मध्ये हिशोब मांडला की पाच वर्षांत जेलमध्ये आणखी १७ हजार खाटा लागणार, आणि त्या बांधण्यापेक्षा २४ कोटी १० लाख डॉलर नशामुक्ती आणि देखरेखीवर घातले. २०११ मध्ये त्यांनी एक जुनं जेल चक्क बंद केलं. दयेपोटी नाही, पैसे वाचावेत म्हणून. आपल्या आमदारांशी बोलताना मी हल्ली औंधचं उदाहरण देत नाही, टेक्सासचं देते, ते जास्त लागू पडतं.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, सात माणसं. एका ओळखीच्या संस्थेने एक मुलगा पाठवते म्हटलंय, मारामारीच्या केसमध्ये दोन वर्षं काढून आलेला, आत वेल्डिंग शिकलाय. सोमवारपासून येणार. बायको घाबरली आहे, मीही थोडा. काय काळजी घेऊ?

घाबरणं साहजिक आहे, तसं संस्थेला स्पष्ट सांगा आणि त्यांच्या कार्यकर्त्याचा नंबर घ्या, आठवड्याला एकदा फोन करायचा असं ठरवून टाका. बाकीच्या सात जणांना काय सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा, त्याच्या परस्पर सांगू नका, आणि लपवूही नका कारण पंधरा दिवसांत कळतंच. हाताखाली द्यायचा तर शांत डोक्याच्या माणसाच्या हाताखाली द्या, तुमच्याकडे असा एक जुना माणूस असेलच. आत शिकलेलं वेल्डिंग जुन्या मशीनवरचं असतं, पहिले आठ दिवस काम बिघडेल, तेव्हा सगळ्यांसमोर ओरडू नका. कोर्टाची काही तारीख उरली असेल तर सुट्टी द्या, पगार कापला तरी चालेल पण सुट्टी द्या.

आणि पगार पहिले दोन महिने तरी आठवड्याने द्या. महिनाअखेरपर्यंत थांबायला त्याच्याकडे काही नसतं, तिसऱ्या आठवड्यात तो कोणाकडे तरी उसने मागायला जातो, आणि त्याला उसने देणारी माणसं ठरलेली असतात. जमलं तर दुपारचा डबा पण सांगा. सोमवारी तो बहुतेक तासभर आधीच येऊन शटरसमोर बसलेला असेल, तेव्हा जरा लवकर उघडा.

(या महिन्याची राहिलेली चौदा पत्रं माझ्याकडे आहेत. फर्लो आणि पॅरोल या कैद्यांच्या दोन रजांमधला फरक विचारणारीच पाच आहेत, त्यांना थेट उत्तर पाठवते.)